अंगठ्याएवढा नवरदेव

पडली. हातातनं निसटली, पाटाच्या कोपऱ्यावर आपटली आन फरशीवर जाऊन पडली, आन मी एका कडंवर लेक घिऊन तशीच उभी, दुसरा हात हवेतच, जसं काय ती अजून हातात हाय. मंग खाली बसले, उचलून कानाला लावली. आतनं आवाज यायला लागला. टिक, टिक, टिक. घड्याळ कसं एका चालीत चालतंय, तसं नव्हं. दोनदा टिकटिक करायची, दम खायची, परत टिकटिक. वायर अजून कंप्युटरलाच हुती. कंप्युटरवर कॉपीची हिरवी पट्टी पळत हुती ती जागच्या जागी थांबली आन वर एक पांढरा चौकोन आला, विंग्रजीत. त्यातलं मला 'एरर' तेवढंच वाचता आलं. पन तेवढं पुरं हुतं.

हार्डडिस्क. साबनाच्या वडीएवढी काळी डबी. आमचे हे लग्नाच्या शूटिंगी करत्यात, मिरजगावला हायवेच्या कडंला घर हाय आमचं, म्होरली खोली म्हंजीच स्टुडिओ. सा वर्सातली समदी लग्नं, साखरपुडं, बारशी त्या एका डबीत. मी नववीपातूर शिकलेली, पन लग्न झाल्यावर ह्यांनी मला कॉपी-पेस्ट शिकवलं, फोल्डर करायला शिकवलं. कुनाची हळद कंची, वरात कंची, समद्या फोल्डरला नावं मीच द्यायची. स्पेलिंग चुकायचं, पन नाव माझंच ऱ्हायचं. हे गिऱ्हाइकाला सांगायचे, "ते आमच्या मॅडमला इचारा." ती मॅडम आता फरशीवर बसून डबी कानाला लावून रडत हुती, आन लेक तिच्या नाकातली मोरनी वडत हुती.

त्या दिशी खंडेनवमी. ज्याच्यावर पोट चालतंय ते समदं आमच्यात त्या दिशी पाटावर मांडून पुजत्यात, कोयता, खुरपं, विळा, आन आमच्या घरी कॅमेरा. पन कॅमेरा तर हे सकाळीच घिऊन गेल्ते, देवीच्या देवळात होमाची शूटिंग हुती. जाताना म्हनले, "जुन्या डिस्कवरचं समदं नव्या डिस्कवर टाकायला लावलंय. दुपारपातूर चालंल. तिला हात लावू नको बरं का. चालू असताना हालली की संपलं."

मी व्हय म्हनलं.

मंग पाटावर ऱ्हायलं काय? दोन खुरपी, एक कातर, मोडकं स्टँड. माझ्या मामेबहिनीनं सकाळीच स्टेटस टाकलेलं, त्यांच्या पाटावर नव्या ट्रॅक्टरची किल्ली, ड्रोन, मधी केवढा झेंडूचा हार. आमचा पाट बगून मलाच कसंतरी झालं. माझ्या सासूबाई, त्यास्नी मी आत्या म्हंते, निवद घिऊन देवळात निगालेल्या. त्या दारातनं म्हनल्या, "त्या डबड्याला लांबनं कुकू लाव आन झालं. पाटावर कशाला बशिवतीस, नवरदेव हाय का त्यो?"

मला हसू आलं. त्या गेल्या आन मी बशिवलाच. वायर पुरतीय का बगितलं, पुरत हुती. झेंडूवर ठिवली, हळदी-कुकू व्हायलं, फुलानं पान्याचं दोन थेंब शिंपडलं, मोबाईल घेतला. निळी लाईट झेंडूत अशी दिसत हुती की काय सांगू. तीन फोटू काढले. मंग वाटलं अजून जरा मधी पायजे, म्हनून एका हातानं उचलली. लेकीनं कडंवरनं माझ्या पदराला हिसका दिला. न्हाई. खरं सांगायचं तर हिसका तिनं नंतर दिला. आदी निसटली ती माझ्याच हातातनं.

एका स्टेटसपायी.

आता भ्या कशाचं, ते सांगते. ह्यांच्या बोलन्याचं न्हाई एवढं. त्या डबीत एका बाईचा नवरा हुता.

आठ दिस आदी तिचा फोन आलेला, मीच उचललेला. पाथर्डीकडची, माझ्याच वयाची, दरवर्सी उसतोडीला जानारी. म्हनली, "ताई, चार वर्साखाली तुमच्या मालकांनी आमच्या लग्नाची शूटिंग केल्ती. हाय का वो अजून तुमच्याकडं?" तिचा नवरा मागल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली गेला. लग्नाचा पेनड्राइव्ह आन चार फोटू पेटीत हुते, ती पेटी कोपीसंगं जळाली. उसाच्या पाचटाची झोपडी ती, पेटायला किती वेळ. "लेक दोन वर्साची झालीया," ती म्हनली, "तिला बाप दावायचाय. आधारकार्डावर हाय त्यो फोटू, पन त्यात त्यांनी डोळं वटारल्यात. पोरगी भेती त्याला."

मी काय म्हनले? मी म्हनले, "हाय की. मीच ठिवलीया जपून. दसऱ्याला या, पेनड्राइव्ह घिऊन या." फोन ठिवल्यावर मला कसलं भारी वाटलेलं. कुनाचा तरी मानूस आपन सांभाळून ठिवलाय म्हनून.

आन दसरा म्हंजी खंडेनवमीच्या दुसऱ्याच दिशी.

मी काय केलं ते आता सांगते. आदी नवी डिस्क बगितली, तिच्यावर तवर नुसती पैल्या वर्साची लग्नं आलेली. डिस्क बंद करून परत लावली, टिकटिक. दुसऱ्या वायरनं लावली, टिकटिक. मंग मला तांदूळ आठवला, कारन मागं मोबाईल हौदात पडलेला तवा मी त्यो तांदळाच्या डब्यात पुरून जिता केल्ता. पन हिला फुलाच्या दोन थेंबाबिगर पानी कुठं लागलं हुतं? मोबाईलवर इचारलं, मानूस बोलतो तसं बोलून, 'हार्डडिस्क टिकटिक करती काय करायचं.' एक हिंदीतला बाबा निगाला. त्यो म्हनला, पिशवीत घाला, हवा जायला नको अशी गाठ मारा, आन चार-पाच तास फ्रीजरमधी ठिवा. आतलं अडकलेलं सुटतंय. मंग लावा, चालली तर थोडाच वेळ चालंल, तेवढ्यात सगळ्यात महत्त्वाचं असंल ते आदी काढून घ्या. खाली लोकांनी लई कायबाय लिवलेलं, विंग्रजीत, कुनी कुनी लाल चिन्हं टाकलेली. मी ते वाचलं न्हाई. वाचायचा प्रयत्न सुदिक केला न्हाई.

घरात गाठ मारायजोगी पिशवी म्हंजी दुधाची. धुवून दोरीवर वाळत घातलेल्या असत्यात आमच्याकडं, भाजीला, फुलाला कामाला येत्यात. सकाळचीच धुतलेली घेतली, पदरानं आतनं पुसली, डिस्क घातली, वरनं दुसरी पिशवी, दोऱ्यानं गच्च आवळली आन स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजरमधी सारली.

आत्या देवळातनं आल्या, बर्फ घ्यायला फ्रीज उघडला. "ह्या डब्यात काय गं?"

"श्रीखंड," मी म्हनले. "उद्याला."

आत्यांनी डब्याकडं बगितलं, मंग नळाकडं बगितलं. नळाला फडक्यात बांधलेला चक्का टांगलेला, त्यातनं पानी ठिबकत हुतं. "चक्का तर अजून हितंच लोंबतोय."

"ते... थोडं आदीचं हाय."

"बरं," म्हनल्या आन बर्फ न घेताच गेल्या.

दुपारी जेवनं झाल्यावर आत्या लेकीला घिऊन पडल्या आन मी डबा काढला. पिशवीला आतनं बाहीरनं दव धरलेलं. पुसली, पदरात धरूनच वायर लावली. आन काय सांगू तुमाला, गर्रर्र करून फिरली. टिकटिक न्हाई. निळी लाईट लागली. कंप्युटरवर खिडकी उघडली आन त्यात माझी समदी फोल्डरं, माझ्या चुकलेल्या स्पेलिंगसकट, एकाखाली एक. मी देवाला हात जोडले. आन हात जोडलेलं असतानाच मला दोन फोल्डरं दिसली.

एक तिच्या लग्नाचं.

एक माझ्या आईचं.

आईचं म्हंजी माझ्या डोहाळेजेवनाचं. माझी लेक तीन महिन्यांची हुती तवा आई गेली. साधा ताप म्हनून दवाखान्यात नेली ती आलीच न्हाई. आईला फोटू काढायची लई लाज, कुठंबी कॅमेरा आला की पदर आडवा. ह्यांनी त्या दिशी हौसेनं काढलेलं, त्यात आई ताट वाढताना घावली. "माझं काय काढता जावईबापू, लेकीचं काढा," असं म्हंती आन हसती. आईचा आवाज तेवढाच उरलेला हाय जगात. आन त्यो ह्या डिस्कशिवाय कुठं न्हाई, कारन मी नंतर नंतर करत ऱ्हायले, दुसरीकडं कॉपी केलाच न्हाई.

मी इचार केला असं म्हनता येनार न्हाई. हातानंच केलं. मनाला म्हनलं, आईचं बारकं हाय, दोन मिनटात हुईल, मंग लगीच तिचं. तिचं तर चार तासाचं लग्न, ते काय एवढ्यात येतंय समदं. आईचं फोल्डर धरलं आन माझ्या मोबाईलचं कार्ड कंप्युटरला लावलेलं हुतं त्यात टाकलं.

हिरवी पट्टी निगाली. पन गोगलगाईवानी. आजारी मानूस कसा जिना चढतो तशी. पाच व्हिडिओ हुते त्यात. पैला आला. आई त्यातच हाय, वाढताना. दुसरा आला, त्यात आई माझी वटी भरती. ऱ्हायले तीन. त्यात आई न्हाईच. त्यात शेजारच्या बाया जेवत्यात, गानी म्हंत्यात, माझ्या नणंदा फोटूला उभ्या ऱ्हात्यात. मला ते ठावं हुतं, नावं मीच दिलेली. आन पट्टीच्या शेजारी क्यान्सलचं बटन हुतं. ते दाबायचं आन तिचं लग्न धरायचं, एवढंच हुतं. समदं न्हाई आलं तर एक हळद तरी आली असती. एक माळ घालतानाचं तरी.

म्या दाबलं न्हाई. एकदा माऊस तिथवर नेला सुदिक. वाटलं मधीच थांबवलं आन आलेलंबी गेलं तर? मंग वाटलं हुईलच की आता. बसून ऱ्हायले. माझ्या जेवनाऱ्या शेजारनी येऊस्तवर बसून ऱ्हायले.

वीसेक मिनटं गेली असतील. झालं. मंग तिचं फोल्डर उघडलं. बारकी बारकी चित्रं एकाएका करून उमटायला लागली, नखाएवढी. मांडव. हळदीची परात. मंग त्यो. फेटा, मुंडावळ्या, दात काढून हसतोय, डोळं कुठं वटारलेलं न्हाईत, उलट हसून बारीक झालेलं. मला एवढा आनंद झाला की मी मोबाईल उचलला आन कंप्युटरच्या काचेचा फोटू काढला, ह्यांना पाठवायला, की बगा, चालू केली मी, मॅडमनं.

फोटू निगाला. पाठवायच्या आदीच टिक झालं. टिक, टिक. चित्रं राखाडी झाली आन खिडकीच गेली.

परत गार केली, परत लावली, थोपटली, हालवली. मंग टिकटिकसुदिक बंद झाली. त्यो आवाज गेल्यावर घर कसं गप झालं. नुसतं नळाखाली चक्क्याचं पानी ठिबकत हुतं.

संध्याकाळी हे आले. मी आल्याआल्याच बोलले, कारन थांबले असते तर बोलताच आलं नसतं. "बारकीनं वायर वडली. खाली पडली."

ह्यांचा चेहरा पडला. मंग त्यांनी लेकीकडं बगितलं, ती त्यांच्या पायाला धरून उभी, तोंडाला लाळ. "काय गं चोर," म्हनले आन तिला उचलून घेतलं. दीड वर्साच्या लेकराला कोन रागवनार? म्हनूनच तर मी तिचं नाव घेतलं.

"त्या पाथर्डीच्या ताईचं?" त्यांनी इचारलं.

"काय न्हाई निगालं," मी म्हनले. "चालूच झाली न्हाई."

दसऱ्याला दुपारी ती जीपनं आली. काटक, काळीसावळी, खांद्यावर लेक. आदी आत्यांच्या पाया पडली, समद्यांना आपट्याची पानं दिली. मला देताना म्हनली, "सोनं घ्या ताई, सोन्यावानी ऱ्हावा." मी घेतलं. मंग तिनं पदराची गाठ सोडली, त्यात नवा पेनड्राइव्ह, अजून कागदातच.

ह्यांनीच सांगितलं तिला. मी भाकरीच्या टोपलीपाशी जाऊन उभी ऱ्हायले. "ताई, कालच पडली वो. आमच्या ह्या बारकीनं वायर वडली."

तिनं हातातल्या पेनड्राइव्हकडं बगितलं. मंग म्हनली, "एकबी फोटू न्हाई?" ह्यांच्याकडं नव्हं, माझ्याकडं बगून.

"न्हाई," मी म्हनले.

तिनं माझ्या लेकीला जवळ वढली, तिच्या गालाला हात लावून मुका घेतला. "लेकराला काय कळतंय वो. तिला रागवू नका कुनी." आन पेनड्राइव्ह परत गाठीत बांधला. आत्यांनी तिला जेवू घातलं, श्रीखंड वाढलं. तिची पोरगी वाटी चाटूनपुसून खात हुती. आत्या मला म्हनल्या, "तुझं ते फ्रीजरमधलं आदीचं काढ की, पोरीला आवडलंय." मी म्हनले, संपलं. आत्यांनी परत इचारलं न्हाई.

जाताना ती म्हनली, "आता उसाला जाऊन गुडीपाडव्याला माघारी येनार आमी. तवर कुठं काय घावलं तर ठिवा माझ्यासाठी."

दिवाळीनंतर हे डिस्क घिऊन नगरला गेले, दुरुस्तीवाल्याकडं. आले ते डोकं खाजवीत. जेवता जेवता सांगायला लागले, "त्यो म्हंतो आत पानी धरलंय, गंज चढलाय. म्हंतो फ्रीजमधी ठिवल्ती का कुनी? तशीच आनली असती तर पुण्याला पाठवून बरंच काय निगालं असतं." आन हसले. "म्हनलं, आमच्या घरी कोन फ्रीजमधी ठिवंल?"

माझा घास तोंडातच. आत्या शेंगा फोडत बसलेल्या, त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं बगितलं, लई वेळ न्हाई, शेंग फुटायला लागतो तेवढाच. मंग लेकाला म्हनल्या, "त्या मेल्यांना काय, कायबी सांगत्यात. जेव तू."

आत्यांनी मला त्यावर कवाच काय इचारलं न्हाई. इचारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हंजी बगा, पाडली मी, लेकीचं नाव सांगितलं मी, दुधाच्या पिशवीत घालून जे वाचलं असतं तेबी मारलं मी, आन जी वीस मिनटं मिळाली त्यात शेजारनी जेवताना वाचवल्या. आईचा व्हिडिओ माझ्या मोबाईलमधी हाय. मी त्यो एकदाच लावला, कानाला लावून, आवाज बारीक करून. आई म्हनली, "माझं काय काढता जावईबापू," आन मी बंद केला. पुढचं मला ऐकवंना. ह्यांना अजून ठावं न्हाई त्यो माझ्याकडं हाय म्हनून.

आन त्यो फोटू. कंप्युटरच्या काचेचा, जरा हाललेला, वर माझ्या हातातल्या मोबाईलची सावली. त्यात ती समदी बारकी चित्रं हायेत, आन तिसऱ्या वळीत त्यो हाय, फेटा बांधून, हसताना. बोटांनी मोठा केला की अंगठ्याएवढा हुतो, त्याच्या पुढं गेलं की फाटतो, नुसते चौकोन दिसत्यात. पन मानूस वळकू येतो. हसतोय हे कळतंय. जगात त्याचा हसतानाचा फोटू असंल तर एवढाच हाय, आन त्यो माझ्या मोबाईलमधी, खंडेनवमीच्या पाटाच्या तीन फोटूंच्या शेजारी.

त्यो तिला द्यायचा म्हंजी ती इचारनार, ह्यो कवा काढला? आन फोटूवर तारीख हाय, टायमिंग हाय, खंडेनवमीची दुपार. म्हंजी डिस्क चालू झाल्ती. म्हंजी मी 'न्हाई' म्हनले ते खोटं. मंग चालू झाल्ती तर माझं का न्हाई काढलं, असं ती इचारंल. न्हाईबी इचारनार कदाचित. ती तशी हाय, माझ्या लेकीचा मुका घेतलेली. तेच मला जास्त सोसनार न्हाई.

कालच तिचा फोन येऊन गेला. कारखान्याचा पट्टा पडला, उसाचा हंगाम सरला, हिशेब झाला की निगतो म्हनली. पाडवा पंधरा दिसावर आलाय. म्हनली, "ताई, गावी जाताना मिरजगावला उतरतेच. लेक तुमच्या बारकीची लई आठवन काढती."

मी 'या' म्हनले.

मोबाईल उशाशी हाय. फोटू दिसातनं धा वेळा उघडते, मोठा करते, बारीक करते. तुमी वाचताय तर तुमीच सांगा मला, लाजू नका. तुमची आई त्या डबीत असती आन हातात वीस मिनटं असती, तर तुमी आदी कुनाचं फोल्डर धरलं असतं? दोन व्हिडिओ आल्यावर ते बटन तुमी दाबलं असतं का? आन आता ती दारात उतरंल, खांद्यावर पोरगी घिऊन, तवा तुमी असता तर काय केलं असतं?